वाळवंटातली खाण घेऊ इच्छिणाऱ्या इंदूरकरांस

चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेल्यापासून इंदूरच्या मराठी घरांत एक चूक सर्रास चालली आहे: लोक चांदी विकत घेतात. सराफ्यात जायचं, निरांजन किंवा पैंजण घ्यायचं, घडणावळीवरून हुज्जत घालायची आणि घरी येऊन कपाटात ठेवून द्यायचं. यात कर्तबगारी ती कसली? तुम्ही खाण घ्या. आणि चालू खाण तर कोणीही घेईल. तुम्ही बंद पडलेली घ्या, तीही वाळवंटातली.

माझी शिफारस कॅलिकोची. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात 1881 मध्ये तिथे ‘सिल्व्हर किंग’ खाणीचा शोध लागला. यातला किंग म्हणजे सॅन बर्नार्डिनोचा शेरीफ, तिथला मुख्य पोलीस अधिकारी. खनिज शोधणाऱ्यांना शिधापाणी त्याने पुरवलं होतं. उन्हात डोंगर चढले ते वेगळेच, नाव लागलं शिधा देणाऱ्याचं. (धंद्यातला हा पहिला धडा, पण तो तुमच्यासाठी नाही, तुम्ही चढणाऱ्यांत आहात.) पुढे त्या टेकड्यांत पाचशेच्या वर खाणी झाल्या आणि साधारण बारा वर्षांत दोन कोटी डॉलरची चांदी निघाली. घरच्यांना एवढंच सांगा. ‘मग तेराव्या वर्षी काय झालं?’ असं सासऱ्यांनी विचारलंच, तर पोह्यांवर शेव घालायला आत जा.

भूगर्भशास्त्र मात्र थोडं शिकून घ्या, पंगतीत वजन पडतं. मायोसीन काळात, म्हणजे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी, तिथे ज्वालामुखी धुमसत होते. त्यांच्या राखेच्या आणि लाव्ह्याच्या खडकांना भेगा पडल्या, भेगांतून गरम पाणी वर आलं आणि जाता जाता बराइट नावाच्या खनिजाच्या शिरा व त्यांत चांदी ठेवून गेलं. पुढचं काम वाळवंटाने केलं. पृष्ठभागाजवळ चांदीची क्लोरीनशी गाठ पडून चांदीचं क्लोराइड झालं. ते पाण्यात विरघळत नाही आणि तिथे मुळात पाऊसच बेताचा, त्यामुळे ते वरच्या वर साचून राहिलं. हे खनिज इतकं मऊ की चाकूने कापता येतं, आणि उजेडात ठेवलं की काळवंडतं. दगड कांडायचा, पारा घालून घोळायचा, की चांदी हाती. म्हणजे निसर्गाने सगळी साय वर आणून ठेवलेली. खाली गेलं की शिरा झपाट्याने निकस होत जातात. साय 1880च्या दशकात खाऊन झाली. तुमच्या वाट्याला खालचं आहे. यावर ‘खोलात जायची हिंमत लागते’ हे वाक्य तयार ठेवा. आपल्या विजयनगर भागातल्या एखाद्या ऑफिसातून फोनवर शेअरच्या टिपा देणारी पोरं तुम्हाला ते फुकट शिकवतील, नंतर फी घेतील.

इतिहासात एक गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. 26 जून 1893 पर्यंत कोणीही चांदी घेऊन कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत, अशी मोकळीक होती. त्या दिवशी सिमल्यात कायदा झाला आणि ती दारं बंद झाली. जगातलं एवढं मोठं गिऱ्हाईक उठल्यावर भाव गडगडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेनेही सरकारी चांदीखरेदीचा कायदा मागे घेतला. खाण सापडली तेव्हा औंसाला डॉलरच्या वर असलेली चांदी 1894 मध्ये सुमारे 63 सेंटांवर आली आणि कॅलिको ओस पडू लागलं. दगडात चांदी शिल्लक होती, ती काढणं परवडेना एवढंच. तेव्हा गुंतवणूकदारांसमोर छाती काढून सांगा की ही खाण बंद पाडण्यात आपल्या देशाचाही हात आहे, म्हणून ती उघडण्याचा पहिला मानही आपलाच. असल्या युक्तिवादावर इंदुरात किमान तीन मेहुणे पैसे घालतात. चौथा ‘भिया, लिखके दो’ म्हणेल, त्याला टाळा.

आपल्या होळकरांनी चांदीचं काय केलं, ते बघून शहाणे व्हा. तुकोजीराव दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने. रुपया तेव्हा एक तोळ्याचा, म्हणजे हिशेबाने कोटभर तोळे झाले. आणि मिळालं काय? व्याज, आणि दारात आगगाडी. यात थरार कुठे आहे? राजाला परवडतं असलं बुळं धोरण, मध्यमवर्गाला नाही.

नोकरमाणसांची चिंता नको. कॅलिकोत एके काळी टपाल डॉर्सी नावाचा कुत्रा पाठीवरच्या पिशव्यांतून खाणीवर पोचवायचा. पगार नाही, पीएफ नाही. यंत्रसामग्रीचंही विशेष नाही. 1915च्या सुमारास तिथे सिल्व्हर किंगने फेकून दिलेला चोथाच सायनाइडने धुऊन त्यातून चांदी काढण्याचा कारखाना निघाला. त्याच्या लाकडी टाक्या बांधायला वॉल्टर नॉट नावाचा तरुण होता, त्या शेरीफ किंगचा भाचा. पुढे हा नॉट बेरी विकून श्रीमंत झाला, आणि 1951 मध्ये त्याने ते अख्खं उजाड गाव विकत घेतलं. खणायला नव्हे. घरं डागडुजी करून जुन्यासारखी उभी केली आणि लोकांना बघायला बोलावलं. आज तिथे माणसं पैसे देऊन आत जातात.

म्हणून कागदावर सही झाली की सुरुंगाचा परवाना मागत बसू नका, तिकिटाची खिडकी कुठे काढायची ते बघा. सावली असलेली जागा निवडा. शेजारी गराडूची, म्हणजे आपल्या तळलेल्या कंदाची, कढई लावा, त्या उन्हातही खपेल. नॉटने 1966 मध्ये सगळं गाव काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारला, दान करून टाकलं. तेवढं पान मेहुण्यांना दाखवू नका.