ह्वाचा, हेंगजू आणि "गेम खेळून इतिहास शिकलेले": एका प्रतिक्रियेला उत्तर

ह्वाचा म्हणजे एकदम कित्येक बाण सोडणारी जुनी कोरियन गाडी. सिव्हिलायझेशन (सिव्ह) 5 आणि 6 या गेममध्ये तो ओव्हरपॉवर्ड, म्हणजे वाजवीपेक्षा ताकदवान आहे, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्या पोस्टखाली आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे ज्यांनी वाचली नाही त्यांना विषय कळेल. "भाऊ, गेम खेळून इतिहास शिकलेल्यांनी ह्वाचावर ज्ञान पाजळू नये. हेंगजूला 3 हजार कोरियन लोकांनी 30 हजार जपान्यांना ह्वाचाच्या जोरावर पळवून लावलं आणि तुम्ही म्हणता गेममध्ये तो ओव्हरपॉवर्ड आहे? सिव्ह 6 मध्ये तर बिचाऱ्याला हलल्यावर फायरसुद्धा करता येत नाही. ह्वाचाचं साल पण चूक, तो 1409 चा आहे. आणि टिपूच्या रॉकेटवर एक शब्द नाही, आश्चर्य आहे."

सालाचं आधी संपवतो. 1409 चा ह्वाचा छ्वे हे-सानचा, बरोबर आहे. मी 1451 लिहिलं ते राजा मुनजोंगच्या सुधारित गाडीचं, पण वाक्यावरून तोच पहिला असं वाटत होतं. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता ते पहिलं वाक्य. मतभेद असू द्या ना, मला काही त्रास नाही, इथे कित्येक लोक माझ्याशी वाद घालतात आणि मी सगळ्यांना उत्तरं देतो, पण समोरच्याला ओळखत नसताना "ज्ञान पाजळू नये" हे लिहिण्याआधी माणूस दोन मिनिटं थांबतो की नाही? आणि त्या आधीचं "भाऊ" कोणत्या सुरात आहे तेही कळतं हो मला. हाच मुद्दा "हेंगजूबद्दल तुमचं म्हणणं पटलं नाही" असा लिहिता आला असता, चार शब्द कमीच लागले असते.

हो, मी गेम खेळतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन एज ऑफ एम्पायर्स खेळत मोठा झालेली आमची पिढी आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. चीन, कोरिया, जपान यांच्या युद्धांबद्दल आमच्या शाळेच्या पुस्तकात काय होतं सांगा? जवळपास काही नाही. गेममुळे प्रश्न पडले, मग पुस्तकं शोधली. पुढे चाकणच्या कंपनीने कोरियात डेप्युटेशनवर पाठवलं तेव्हा बरोबरचे लोक सुट्टीच्या दिवशी मॉल गाठायचे आणि मी सोलचं वॉर मेमोरियल. तिथे ह्वाचाची प्रतिकृती आहे. मी ती समोरून बघितली, मग मागे जाऊन बघितली, आणि खरी गंमत मागेच आहे. समोरून नुसती भोकं दिसतात, एकाला एक चिकटून बसवलेल्या लाकडी ठोकळ्यांची. मागून बघितलं की लक्षात येतं की प्रत्येक भोकात एकेक शिंगीजोन, म्हणजे बाणाला बांधलेली कागदी नळी, एक छोटं रॉकेटच, सरकवायची, प्रत्येकाची वात बाहेर काढायची, सगळ्या वाती एकत्र आणायच्या, आणि असे 100. मी तिथे उभं राहून वहीत चित्र काढलंय. तुम्ही मागून बघितलाय का कधी? बघितला असेल तर सांगा, आनंदच होईल.

आणि हेंगजूलाही, म्हणजे त्या लढाईच्या जागीही, गेलोय. गोयांगमध्ये हान नदीच्या काठावर आहे, टेकडी जेमतेम सव्वाशे मीटर. वर गेल्यावर कळतं की लढाई काय असेल ती, एका बाजूला नदी, मागे हटायला जागाच नाही.

आता तुमचं "ह्वाचाच्या जोरावर". 1593 मध्ये हेंगजूला कोरियन सेनापती ग्वोन युलकडे जे ह्वाचा होते ते प्योन इ-जुंग या कोरियन अधिकाऱ्याने बनवून घेतलेले, 300 पैकी 40 तिकडे पाठवले असं सांगतात. आणि प्योन इ-जुंगच्या ह्वाचात रॉकेट नव्हतीच! त्यात सुंगजा चोंगथोंग होत्या, म्हणजे हातबंदुकीच्या नळ्या, पुढे 14 आणि दोन्ही बाजूंना 13-13, एकूण 40. मुनजोंगच्या गाडीवरही दोन वेगळ्या पेट्या बसायच्या, एक 100 शिंगीजोनची आणि एक 50 नळ्यांची, प्रत्येक नळीतून 4 बाण. म्हणजे "ह्वाचा" म्हटलं की रॉकेटच, हे समीकरण गेममधून आलंय. मग गेम खेळून इतिहास कोण शिकलं? मला हे लिहायचं नव्हतं, पण सुरुवात तुम्ही केलीत.

शिवाय त्या दिवशी नुसते ह्वाचा लढले नाहीत. धनुष्यबाण होते, दगड होते, लाकडी कुंपण होतं, बाण संपत आले तेव्हा नदीतून नावेने आणखी बाण आले. उकिता हिदेइएसारखा जपानी सेनापती जखमी झाला. इतक्या लोकांचं श्रेय एका गाडीला द्यायचं हा त्या लोकांवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

रॉकेटवाल्यांचीच लढाई हवी असेल तर चीनमधली घ्या. 1400 मध्ये बायगोऊ नदीवर सम्राटाच्या बाजूने लढणाऱ्या ली जिंगलोंगच्या फौजेकडे "यी वो फंग" होतं, एकाच खोक्यातून 32 रॉकेट सुटायची. जिंकला कोण? सम्राटाविरुद्ध बंड केलेला झू दी. शस्त्र वाईट होतं असं नाही, दाटीवाटीने येणाऱ्या लोकांवर आणि घोड्यांवर त्याचा धाक जबरदस्त. पण ते एकदा सुटलं की सुटलं. दिवाळीच्या रॉकेटला वात लावल्यावर परत बाटलीत घालता येत नाही तसंच.

आणि माझ्या पोस्टचा सगळा मुद्दा हाच होता, जो तुम्ही वाचलाच नाही असं दिसतंय. हलल्यावर फायर करता येत नाही म्हणून तुम्ही कळवळताय, पण गाडी थांबवायची, तिरपी करायची, वाती जुळवायच्या, याला वेळ लागणारच, ते सिव्ह 6 ने बरोबर पकडलंय. सिव्ह 5 नेही ट्रेब्युशेच्या, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्राच्या, जागी ह्वाचा देताना शहरावरचा बोनस काढून टाकला, तेही बरोबर, कारण लहान शिंगीजोन शे-दोनशे मीटर जाऊन माणसाला लागेल, दगडी भिंतीला काय करणार? चूक वेगळीच आहे. दोन्ही गेममध्ये एकदा जागेवर बसवला की तो दर टर्नला फायर करतो, तोफेसारखा. दर टर्नला 100 बाण भरून तयार! त्यात सिव्ह 6 मध्ये तो फील्ड कॅनन या तोफेच्या जागी येतो आणि गनपावडरचं तंत्र हाती आलं की लगेच मिळतो, म्हणजे त्या तोफेपेक्षा लवकर. अन्याय झालाच असेल तर तो समोरच्या खेळाडूवर होतोय. मी ओव्हरपॉवर्ड म्हटलं ते यासाठी.

टिपूबद्दल: त्याच्या रॉकेटची नळी लोखंडी, पूर्व आशियातली कागदी, शतकं वेगळी, प्रदेश वेगळा. पोस्ट पूर्व आशियाची होती. कोणत्याही रॉकेटचं नाव निघालं की टिपू आणायचाच हा काही नियम नाही.

शिंगीजोनची बारीकसारीक मापं 1474 च्या "गुकजो ओरे सोरे" या कोरियन ग्रंथात आहेत, त्यावरून छे यॉन-सॉक या कोरियन रॉकेट शास्त्रज्ञांनी ती परत बनवून उडवून दाखवली. ज्याला खरंच वाद घालायचाय त्याने तिथून सुरुवात करावी, मी उत्तर देईन, रात्री उशिरा का होईना पण देईन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणार पण नाही. गेममधल्या बॅलन्सबद्दल माझी मागणी तीच आहे जी पोस्टमध्ये होती: पहिली व्हॉली, म्हणजे एकदम सुटणारा मारा, आत्ताच्या दीडपट करा, दाटीत उभ्या असलेल्या पायदळाला आणि घोडदळाला ती जास्त लागू द्या, आणि त्यानंतर पुढचे दोन टर्न तो रिकामा ठेवा. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा, फक्त "भाऊ" न म्हणता.