युद्ध तिकडे, भाववाढ सगळीकडे

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्येच जगाचा अन्न किंमत निर्देशांक विक्रमी उंचीवर! युक्रेनच्या ओडेसा बंदरात धान्य अडकलं, मान्य. सूर्यफूल तेलाच्या जागतिक निर्यातीत युक्रेनचा वाटा तेव्हा जवळपास निम्मा होता, तेही मान्य. पण गोदामात आधीच पडलेला, जुन्या भावाने घेतलेला माल रातोरात महागतो कसा? जुलैत काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला, वर्षअखेरीस घाऊक गहू युद्धाआधीच्या भावाच्या आसपास आला. पावाची किंमत मात्र ढिम्म! विकणाऱ्यांना विचारलं की उत्तर तयारच: वीज, खत, वाहतूक, विमा. भाव चढवताना बरी यांना कसली कारणं शोधावी लागत नाहीत! आणि या भाववाढीत भरडल्या गेलेल्या आफ्रिकेतल्या सोमालियाने कुणाचं काय घोडं मारलं होतं? त्यांचा बहुतेक गहू याच दोन भांडणाऱ्यांकडून यायचा, एवढंच.