टाके उसवले नाहीत

‘गोधडी ही कलाच आहे’ हे तुमच्या गोधडीवरच्या लेखातलं वाक्य मनापासून पटलं. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात दिवाळी उरकली की आजी ओट्यावर जुनी लुगडी अंथरायची, शेजारच्या काकूही आपापली सुई घेऊन यायच्या. आत धोतरं, विरलेले सदरे. वर सगळ्यात मऊ नऊवारी. धावदोरा कडेने सुरू होऊन फिरत फिरत मध्यावर यायचा. (कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवतात, कोपऱ्यांना कापडी ‘फुलं’ लावून.) माझ्या गोधडीत एका जागी टाके बोटभर लांब आहेत, ते माझे, सातव्या वर्षीचे. आजीने ते उसवले नाहीत. त्याशेजारचा हिरवा तुकडा काकूंच्या लुगड्याचा. परवा त्यांच्या नातीला दाखवला, तर ती कितीतरी वेळ त्यावर हात फिरवत बसली.