चालणाऱ्याने जायचं कुठून?

डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. डॉक्टरांचं काय जातंय, त्यांच्या सोसायटीत वॉकिंग ट्रॅक आहे, आमच्या वाट्याला आलाय पुण्याचा एफसी रोड.

हा रोड म्हणे वन वे आहे, गाड्या सगळ्या गुडलक चौकाकडून येणार, म्हणजे क्रॉस करताना एकाच बाजूला बघितलं की झालं. असं समजणारा माणूस पुण्यात नवीन असतो. कारण उलट्या बाजूने कडेकडेने एक ॲक्टिवा येतच असते, आणि वर तीच आपल्याला ओरडते, "ओ काका, बघून चाला ना!" 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये लिहिलंय की झेब्रावर गाडीवाल्याने थांबून चालणाऱ्याला जाऊ द्यायचं. मी एकदा झेब्रावर उभं राहून हात दाखवला तर बाईकवाल्याला वाटलं मी लिफ्ट मागतोय, "शिवाजीनगरपर्यंत चालेल का?" म्हणाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. (मुलगा चांगला होता तसा, हेल्मेट पण होतं त्याच्याकडे, कोपरात अडकवलेलं.)

हेल्मेटचं एक बरंय, चौकात मामा दिसले की ते कोपरातून आपोआप डोक्यावर चढतं. आणि मामांनी फोटो काढायला मोबाईल वर केला की मागे बसलेली मैत्रीण इतक्या सहज हात मागे नेऊन नंबर प्लेट झाकते की वाटावं ओढणीच सावरतेय. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं हे तिला सांगणार कोण?

मग फूटपाथवरून चालावं म्हटलं तर रुंद केल्यापासून तिथे बाईक जास्तच आरामात जातात, मागून हॉर्न वाजतो आणि आपण सवयीने बाजूला होतो, वर सॉरी पण म्हणतो.

महापालिका 11 डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद. मी हौसेने गेलो, अगदी रस्त्याच्या मधोमध चाललो, तरी दर चार पावलांनी मान मागे वळतच होती. पण तिथपर्यंत पोचताना जीव गेला, कारण चालायला आलेले सगळे गाड्या घेऊन आलेले आणि शेजारच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही. एक काका फूटपाथवर स्कूटर चढवत मलाच विचारतात, "अहो, इथे लावली तर उचलणार नाहीत ना? नाही म्हणजे, आज चालण्याचा दिवस आहे."