अपडेटनं फोटो खाल्ले म्हणे!

गेल्या गुरुवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. वीज गेलेली होती. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्याचं कुणाला नवल नाही. मेसेज तुमच्याकडेही आला असेल, तरी थोडक्यात देते:

"सावधान! विंडोजचं अपडेट ताबडतोब बंद करा. १) अपडेटमुळे फोटो, फाइल्स डिलीट होतात. २) नवीन अपडेटनं एसएसडी जळते. ३) जुना कॉम्प्युटर अपडेटशिवायच सुरक्षित चालतो. ४) अपडेट अडकलं तर बटण दाबून बंद करा, तरी चालू झाला नाही तर फॉरमॅट मारा. ५) फॉरमॅट मारलं तरी डेटा सॉफ्टवेअरनं १०० टक्के परत येतो. ६) हार्डडिस्क खटखट वाजत असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझा भाचा हिंजवडीला आयटीत आहे, त्यानं सांगितलंय. जनहितार्थ पुढे पाठवा."

मी गेली पंधरा वर्षं कोथरूड-कर्वेनगर भागात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. हिंजवडीचा हा भाचा मला बहुतेक घरांत भेटतो. स्वतः नाही, त्याचा सल्ला भेटतो. आणि माझा अनुभव असा की अपडेटनं डेटा गेला म्हणून मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा तो अपडेटनंतरच्या दोन तासांत, घाबरून केलेल्या उद्योगांनी गेलेला असतो. मेसेज निव्वळ थापा असता तर मी लिहायला बसले नसते. त्यात दोन ठिकाणी अर्धं-अर्धं तथ्य आहे, आणि तेवढ्याच्या जोरावर बाकीचं खपतं.

"फोटो, फाइल्स डिलीट होतात"

एकदा खरंच झालं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ क्रमांकाचं मोठं अपडेट आलं आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स-पिक्चर्समधल्या फाइल्स उडाल्या. ज्यांनी ही फोल्डर्स डी ड्राइव्हवर हलवली होती, पण जुन्या जागी काही फाइल्स तशाच राहू दिल्या होत्या, त्यांची जुनी जागा अपडेटनं फालतू समजून साफ केली. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांत ते अपडेट मागे घेतलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडलं. अशा तक्रारी दहा हजारांत एक एवढ्या होत्या, असं त्यांचंच म्हणणं. तो एक ज्याच्या घरी असतो त्याला या आकड्याचं काय कौतुक, हेही खरं.

पण त्यानंतर मी पाहिलेल्या 'डिलीट' झालेल्या फाइल्स बहुतेक वेळा डिलीट झालेल्याच नव्हत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. आवाज रडवेला. नातवाच्या मुंजीचे फोटो, भिशीचा सगळा हिशोब, डेस्कटॉपवर होतं ते सगळं गायब. वॉलपेपरवरचे गणपतीसुद्धा गेले, नुसता निळा पडदा. मुलगा म्हणत होता, फॉरमॅट करून टाकू, कटकट मिटेल. मी सी ड्राइव्ह उघडला, त्यातलं यूजर्स फोल्डर उघडलं. तिथे काकूंच्या नावाची दोन फोल्डर्स. एकाच्या नावापुढे टिंब आणि तीन शून्यं. त्यात गणपती, मुंज, भिशी सगळं जागच्या जागी. त्या महिन्याच्या अपडेटमध्ये दोष होता, तो माणसाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नेऊन बसवायचा आणि त्याच्या मूळ फोल्डरचं नाव बदलून टाकायचा. मी आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मग ते अपडेट काढलं, मशीन रीस्टार्ट केलं. पाऊण तासाचं काम, त्यातली वीस मिनिटं चहाची. मुलानं माझ्या आधी फॉरमॅट मारलं असतं तर मुंज गेली असती आणि नाव अपडेटचं झालं असतं.

आजकाल गायब होण्याचं नेहमीचं कारण वनड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर फाइल्स ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. अपडेटनंतर किंवा नवीन लॅपटॉप लावताना ते 'बॅकअप चालू करू का' विचारतं, आपण वाचल्याशिवाय हो म्हणतो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर्स वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतात. फुकट जागा ५ जीबी. ती भरली की ते कुरकुर करतं, आपण वैतागून बॅकअप बंद करतो, आणि डेस्कटॉप मोकळा दिसतो. फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. आधी तिथे बघा, मग बोंब मारा.

"एसएसडी जळते"

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्याबद्दलची ही ऑगस्ट २०२५ ची आवई. जपानमधल्या एकानं लिहिलं की विंडोज ११ च्या त्या महिन्याच्या अपडेटनंतर मोठ्या फाइल्स कॉपी करताना एसएसडी दिसेनाशी होते. व्हिडिओवाल्यांना आयतंच मिळालं. फिसन नावाची कंपनी एसएसडीचे कंट्रोलर, म्हणजे ती चालवणाऱ्या चिपा, बनवते, बोट तिच्याकडे होतं. तिनं एकूण ४,५०० तासांहून जास्त चाचण्या केल्या, तरी बिघाड घडवून आणता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध सापडला नाही. एसएसडी मरतात, त्याबद्दल वाद नाही. जुनी हार्डडिस्क मरण्याआधी निदान कण्हते, एसएसडी काल होती आणि आज नाही. पण त्याचा बंदोबस्त म्हणजे दुसरी प्रत, अपडेट बंद करणं नव्हे.

"अपडेटशिवायच सुरक्षित"

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला आणि जगभरातल्या लाखो मशीन्सवरच्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने हातात होते. अपडेटनं फाइल्स जाण्याची भीती बाळगून अपडेट बंद करणाऱ्यांच्या फाइल्स अपडेट नसल्यामुळे गेल्या.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचं मशीन ११ घेत नाही, त्यांना अपडेटच्या सेटिंग्जमध्येच नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स घेता येतात, आणि सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ठेवला तर पैसेही पडत नाहीत. भाच्याच्या बाजूनं एवढंच म्हणेन की पहिल्याच दिवशी अपडेट घ्यायला काही शर्यत लागलेली नाही. 'पॉज अपडेट्स' दाबून आठवडाभर थांबा, 'ऑप्शनल' लिहिलेल्याला हात लावू नका. मी स्वतः तसंच करते.

"अडकलं तर बटण दाबा, नाहीतर फॉरमॅट"

इथे एक खास पुणेरी योग आहे. ही अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, अमेरिकेतल्या सकाळी. म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र. बुधवारी ती मशीनवर उतरतात आणि 'रीस्टार्ट करा' म्हणून मागे लागतात. आपण 'नंतर' म्हणतो आणि गुरुवारी सकाळी, महावितरणची देखभाल सुरू व्हायच्या सुमारास, कॉम्प्युटर ३५ टक्क्यांवर असतो. डेस्कटॉप असेल, यूपीएसची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच मेलेली असेल, तर पुढचं सांगायला नको. तेव्हा रीस्टार्ट बुधवारी रात्री उरका.

आता अडकलं म्हणजे किती वेळ? टक्के हलत नाहीत म्हणून काम थांबलंय असं नसतं. कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल किंवा पांढरा दिवा बघा. तो लुकलुकतोय तोवर हात मागे. जुन्या हार्डडिस्कवर दोन-तीन तासही लागतात. पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस' असं आलं असेल तर विंडोज स्वतःहून केलेलं निस्तरतंय, त्या वेळी तर बटणाच्या वाटेला जाऊच नका. दिवा मेलेला आणि तासन् तास काहीच हालचाल नाही, तर मात्र भाचा बरोबर: बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

त्याचं फॉरमॅट मात्र नको. दोन-तीनदा चालू होणं फसलं की विंडोज आपोआप दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर नेतं. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्याच्या आत 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. दोन पर्याय दिसतात. दर महिन्याचं छोटं असेल तर 'क्वालिटी', मोठं असेल तर 'फीचर' काढायचं. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज साधारण दहा दिवस सी ड्राइव्हवर ठेवलेलं असतं, तेवढ्यात मागे फिरता येतं. जागा कमी पडते म्हणून ते 'विंडोज.ओल्ड' फोल्डर दुसऱ्याच दिवशी उडवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

एक गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. अनेक नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह आधीपासून कुलूपबंद असतो, बिटलॉकर नावाच्या विंडोजच्याच सोयीनं. एरवी कळत नाही. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच मशीन्सनी अचानक ४८ आकडी किल्ली मागितली आणि लोकांना वाटलं व्हायरस आला. किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघता येते. आजच बघा आणि कागदावर लिहून ठेवा. असा ड्राइव्ह फॉरमॅट केलात तर त्यातून पुढे कुणाच्या बापाला काही निघत नाही.

"१०० टक्के परत येतो"

जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर फाइल डिलीट केली की जाते ती यादीतली नोंद. माल जागेवरच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. विंडोज ड्राइव्हला सांगतं की ही जागा आता मोकळी, आणि ड्राइव्ह ती सवडीनं पुसून टाकतो. मग सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या, वाचायला काही उरत नाही. हार्डडिस्कवरही फॉरमॅट 'क्विक' असेल तर आशा असते. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं. आणि फॉरमॅटनंतर लगेच नवीन विंडोज टाकलं, तर ते कितीतरी जीबी नेमके जुन्या फोटोंच्या डोक्यावर बसू शकतात. त्यावर कडी म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवून घेणं.

माझी पद्धत साधी आहे. मशीन बंद. डिस्क बाहेर. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, मिळणाऱ्या साध्या यूएसबी केबलनं ती दुसऱ्या मशीनला जोडायची, आधी तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोधाशोध त्या प्रतीवर करायची. फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, पण ते फाइल्सची नावं परत देत नाही.

नावं गेली म्हणजे काय होतं, हे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी कळलं. सगळं हार्डडिस्कवर. पुतण्यानं क्विक फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं होतं. मी तीन हजारांवर वर्डच्या फाइल्स काढल्या, नावांच्या जागी नुसते आकडे. पहिली उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. सर खुर्चीत मागे टेकले. मलाही क्षणभर वाटलं, फाइल खराब आली. मग लक्षात आलं, सर वीस वर्षं श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत होते आणि फॉरमॅटबरोबर फॉन्टही गेले होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या त्या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच, फॉन्ट असेल तरच तो 'क' दिसतो. सरांकडे जुनी सीडी निघाली. फॉन्ट टाकले आणि त्याच कचऱ्यातून त्यांचा इयत्ता नववीचा व्याकरणाचा पेपर उभा राहिला. पुढचे दोन महिने सर रोज पन्नास फाइल्स उघडून नावं देत होते. पुतण्याच्या हिशोबानं हे १०० टक्के.

"फ्रीझरमध्ये ठेवा"

चालू हार्डडिस्कमध्ये डेटा वाचणारं डोकं फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक भोक असतं. गारठलेली डिस्क पुण्याच्या हवेत बाहेर काढलीत, त्यातून पावसाळ्यात, की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीचं होतं तेच तिचं होतं, बाहेरून आणि आतूनही. त्या ओलाव्यात तबकडी फिरली की तिच्यावर डोक्याचे चरे. खटखट ऐकू आली की वीज काढा, झालं. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका, ते मरणाऱ्या डिस्कला पळवतं आणि हाती फाइल्सचे तुकडे देतं. उघडून तर अजिबात बघू नका. क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, असलेल्या लॅबकडे द्या. खर्च हजारांत जातो, तेव्हा आत काय आहे याचा विचार करून ठरवा.

बी विंगमध्ये कुणीतरी मेसेज वाचून काल रात्री डिस्क झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलीय, असं कळलं. त्यांनी ती बाहेर काढावी, पण पिशवीची झिप उघडू नये. पिशवी तशीच टेबलावर चोवीस तास पडू द्यावी, बाहेरचं पाणी पूर्ण वाळू द्यावं. तोवर मशीनला जोडायची नाही. मी रविवारी सकाळी घरी आहे.