दागिने तिचे, तर पावतीही तिच्याच नावाची हवी

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीबरोबर सराफाकडे गेले होते, तिचं पहिल्या लग्नातलं सोनं मोडायला. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, आता दुसरं लग्न ठरलंय. ते दागिने तिला अंगावर घालवत नाहीत. आई म्हणत होती, "लग्नातलं सोनं मोडू नये गं." पोरीने जे सोसलं ते मी पाहिलंय, म्हणून आईशी वाद घातला.

पाटल्या आणि तोड्यांचा हिशेब सरळ होता. हॉलमार्क, वजन, त्या दिवशीचा भाव. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाखेचा भराव. तो काढल्यावर काट्यावर जे उरलं ते पाहून आई गप्पच झाली. नथीचे मोती पुडीत बांधून परत दिले, त्यांचे पैसे धरले नाहीत. मंगळसूत्र तोडून वाट्या वेगळ्या करताना बहीण बाहेर जाऊन उभी राहिली.

मोडीचं गणित लग्नाच्या खरेदीत कुणी मांडतच नाही. समजा १ लाखाचं सोनं घेतलं. १५ टक्के घडणावळ धरली तर १ लाख १५ हजार, त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख १८ हजार ४५०. भाव तोच असताना मोडलं आणि सराफाने २ टक्के घट कापली, तर हातात ९८ हजार. भाव वाढला म्हणून हे नुकसान दिसत नाही, एवढंच. जितकी नक्षी बारीक, तितकी घडणावळ जास्त, आणि ती परत येत नाही.

पण आमचं मोठं नुकसान काट्यावर झालं नाही. लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंनी दागिने "लॉकरमध्ये सुरक्षित राहतील" म्हणून नेले. लॉकर त्यांच्या नावावर. पावत्या बाबांच्या नावाच्या, काही तर गावच्या सराफाच्या साध्या चिठ्ठ्या. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा तिकडून उत्तर आलं, "एवढं नव्हतंच." आम्ही लग्नाचा अल्बम घेऊन बसलो. फोटोत चपलाहार स्पष्ट दिसतो, पण फोटोला वजन नसतं. २२ तोळ्यांतले ११ परत आले. तिला लवकर सुटायचं होतं, तिने सही केली. तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

कायदा तिच्या बाजूने होता, हे जास्त लागतं. स्त्रीधन हे पूर्णपणे बाईच्या मालकीचं, सासरचे ते फक्त सांभाळतात, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका बाईला कोर्टाने २५ लाख मिळवून दिले. तिचं ८९ पवन (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) सोनंही असंच, सांभाळायला म्हणून सासूकडे गेलं होतं. ऑगस्ट २०२४ चा, तेलंगणातल्या एका प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा निकाल तर प्रत्येक बापाने वाचावा. मुलीचा घटस्फोट झाला, तिने दुसरं लग्नही केलं, आणि नंतर वडिलांनी आधीच्या सासरकडून सोनं मागत तक्रार केली. कोर्टाने ती रद्द केली. मुलगी हयात आहे, स्त्रीधन तिचं एकटीचं, तिने अधिकार दिल्याशिवाय बापालाही ते मागता येत नाही.

मग पावती बापाच्या नावाने का फाडायची? आपण "मुलीला घातलं" म्हणतो, आणि कागदावर मुलगी कुठेच नसते. २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. पावतीवर तिचं नाव, दागिन्यांचं वजन आणि ते क्रमांक, आणि पावती तिच्या फाइलीत. लॉकर तिच्या नावावर. यात सासरचा अपमान कसला? ज्यांना अपमान वाटतो, त्यांच्या घरात तर हे कागद आधी हवेत.

आता दुसऱ्या लग्नासाठी बाबा परत मुदत ठेव मोडायला निघाले होते. नातेवाईक म्हणतात, "दुसरेपणाची आहे, अंगावर काही नको का?" हे ऐकून माझं रक्त तापतं. दुसरं लग्न म्हणजे काही दंड नाही, की तो सोन्याने भरावा. मुलाकडच्यांनी काहीही मागितलेलं नाही. मोडीचे पैसे बहिणीच्या खात्यात आहेत आणि तिथेच राहणार आहेत.

परवा तिने एकटीने जाऊन मंगळसूत्र घेतलं. दोन छोट्या वाट्या, साधी घडण, स्वतःच्या पगारातून. घरी आल्यावर पावतीचा फोटो आधी मला पाठवला, मंगळसूत्राचा नंतर.