नासाचे प्रशस्तिपत्र आणि पाणिनीची उपेक्षा

श्रावणी पौर्णिमेचा संस्कृत दिन जवळ आला की एक जुना संदेश व्हॉट्सॲपच्या गटांवर पुन्हा फिरू लागतो. संगणकासाठी जगातील सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे हे नासाने 1985 साली मान्य केले. या भाषेत संदिग्धतेला जागाच नाही. अवकाशात पाठवलेली इतर भाषांतील वाक्ये उलटसुलट होतात, पण संस्कृत वाक्याचा अर्थ बदलत नाही. नासा संस्कृतवर आधारित महासंगणक बनवत असून त्याची सहावी पिढी 2025 मध्ये आणि सातवी 2034 मध्ये येणार आहे. आणि म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा संस्कृतच असणार, असा त्याचा मजकूर असतो. संस्कृतवरील प्रेमातून तो पुढे पाठवला जातो, यात शंका नाही. मात्र त्यात सर्वाधिक अन्याय होतो तो संस्कृतचा प्राचीन व्याकरणकार पाणिनी याच्यावरच.

प्रथम नासा. 1985 साली रिक ब्रिग्ज यांचा एक लेख ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज नासाच्या एम्स संशोधन केंद्राच्या आवारातील एका संगणकशास्त्र संस्थेत काम करत होते. संदेशातील ‘नासा’ एवढाच. तो एका संशोधकाने स्वतःच्या नावाने लिहिलेला लेख होता, संस्थेचा ठराव किंवा निष्कर्ष नव्हता. त्या काळी वाक्यातील अर्थ संगणकात साठवण्यासाठी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या नामांकित रेषा यांची जाळी आखली जात असत. ‘मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी अग्नीवर भांड्यात भात शिजवतो’ अशा वाक्याची संस्कृतचे वैयाकरण आणि नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, जी फोड करतात, म्हणजे शिजवण्याची क्रिया, तिचा कर्ता, कर्म, अधिकरण (क्रियेचे ठिकाण) आणि प्रयोजन हे सारे सुटे करून सांगतात, ती या जाळ्यांशी जुळते, असे ब्रिग्ज यांचे म्हणणे होते. निरीक्षण मार्मिक आहे. पण लेख तुलनेचा आहे, प्रयोगाचा नाही. शिवाय ज्या संस्कृतविषयी ते बोलत होते ती शास्त्रग्रंथांतील काटेकोर, पारिभाषिक संस्कृत होती. कालिदास त्या भाषेत लिहीत नव्हता, आणि बाजारात भाजी घेताना ती कोणी बोलतही नसावे.

दुसरा मुद्दा संदिग्धतेचा, आणि तो थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे. शाळेत देव शब्द चालवलेल्या कोणालाही आठवेल की ‘देवाभ्याम्’ हे रूप तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिन्ही विभक्तींचे द्विवचन आहे आणि ‘वनम्’ प्रथमाही आहे व द्वितीयाही. संधीने तर गुंता आणखी वाढतो. ‘श्वेतो धावति’ हे पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यातील प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा अर्थ ‘पांढरा धावतो’ असा होतो, आणि ‘श्वा इतः’ अशी फोड केली तर ‘कुत्रा इथून धावतो’ असाही होतो. ‘सैन्धवम् आनय’ म्हटल्यावर मीठ आणायचे की घोडा, हे जेवणाची वेळ आहे की प्रवासाची यावरून ठरवायचे असते. ‘इन्द्रशत्रु’ या समासाचा स्वर चुकल्यामुळे इंद्राला मारणारा निपजण्याऐवजी इंद्राकडून मारला जाणारा निपजला, ही कथा पतंजलीने त्याच ग्रंथाच्या अगदी आरंभीच्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, दिली आहे. श्लेष हा ज्या साहित्यपरंपरेचा मानाचा अलंकार आहे, तिच्या भाषेत दोन अर्थ निघतच नाहीत असे म्हणणे ही स्तुती ठरत नाही.

खरे कौतुक आहे ते याच भाषेचे वर्णन करण्यासाठी पाणिनीने उभारलेल्या यंत्रणेचे. ‘इको यणचि’ हे त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथातील सूत्र घ्या. इक् म्हणजे इ, उ, ऋ, लृ. यण् म्हणजे य, व, र, ल. अच् म्हणजे सर्व स्वर. ‘इति’ आणि ‘आदि’ यांचे ‘इत्यादि’, ‘सु’ आणि ‘आगतम्’ यांचे ‘स्वागतम्’ होते ते या तीन पदांच्या नियमाने. गंमत विभक्तींमध्ये आहे. इक् षष्ठीत आहे, म्हणून ‘इक्‌च्या जागी’. अच् सप्तमीत आहे, म्हणून ‘पुढे अच् असताना’. यण् प्रथमेत आहे, म्हणून ‘यण् येतो’. सूत्रात षष्ठी आणि सप्तमी आली तर तिचा हा अर्थ कधी घ्यायचा, हे पाणिनीने स्वतंत्र परिभाषासूत्रे, म्हणजे सूत्रे कशी वाचायची हे सांगणारी सूत्रे, लिहून ठरवून दिले आहे, कारण बोलत्या संस्कृतातील षष्ठीला अनेक अर्थ आहेत आणि नियम लिहायला ती तशीच वापरली तर घोटाळा होईल, हे तो जाणून होता. संस्कृत मुळातच निःसंदिग्ध असती तर त्याला हा खटाटोप करावाच लागला नसता. अल्गोल या संगणकभाषेचे व्याकरण लिहिण्यासाठी 1960 च्या सुमारास वापरली गेलेली बॅकस-नाउर पद्धती पाणिनीच्या नियमलेखनाशी मिळतीजुळती आहे, हे ओळखून पीटर इंगरमन यांनी 1967 साली तिला ‘पाणिनी-बॅकस पद्धती’ म्हणावे असे सुचवले होते. ही दाद नियम लिहिण्याच्या तंत्राला होती, आणि ते तंत्र मराठीचे किंवा तमिळचे व्याकरण लिहितानाही वापरता येते.

अवकाशातील उलटसुलट वाक्यांची गोष्ट मात्र निव्वळ कल्पित आहे. यानाकडून येणाऱ्या संदेशात शब्द नसतात, शून्य आणि एक असतात, आणि वाटेतील गोंगाटाने बिघडतात ते हे बिट. असा एक बिट बदलला तर विभक्तिप्रत्ययच बदलेल, मग प्रत्ययांमुळे शब्द कोणत्याही क्रमाने ठेवले तरी अर्थ तोच राहतो, या संस्कृतच्या गुणाचा उपयोग काय? यावरचा उपाय जादा बिट पाठवून चूक दुरुस्त करण्याचा असतो. व्हॉयेजर यानांनी युरेनस आणि नेपच्यूनची चित्रे पाठवताना रीड-सॉलोमन संकेतन वापरले ते यासाठीच. याच यानांवर 1977 साली बसवलेल्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेत 55 भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत सुमेरियन आहे, लॅटिन आहे, आपली मराठीही आहे, आणि संगीतात गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. शुभेच्छांमध्ये संस्कृत नाही.

सहाव्या पिढीच्या महासंगणकाची 2025 ही मुदत उलटून गेली आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

उरला कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा. आजची भाषा-प्रारूपे व्याकरणाचे नियम वाचून शिकत नाहीत, तर प्रचंड मजकुरातून शब्दांच्या साहचर्याचे अंदाज बांधतात, आणि त्यामुळे व्याकरण कितीही रेखीव असले तरी संगणकावर मजकूर थोडा असलेली भाषा त्यांना जड जाते. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी 2013 साली आली, तर संस्कृत 2022 साली, कोकणीच्या बरोबरीने. संगणकाला सर्वांत सोपी असलेली भाषा एवढी मागे का राहिली असती? फ्रान्समध्ये जेरार ह्युए आणि हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी यांनी संस्कृतच्या संगणकीय विश्लेषणावर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि त्या कामात पहिलाच मोठा अडथळा असतो तो संधी सोडवून पदे वेगळी करण्याचा, म्हणजे ‘श्वेतो धावति’चाच.

पाणिनीचे कारक, म्हणजे वाक्यातील शब्दांचे क्रियेशी असलेले कर्ता, कर्म यांसारखे संबंध, मात्र आजही रोजच्या वापरात आहेत. आयआयटी कानपूरमध्ये विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारकांवर आधारलेली वाक्यविश्लेषणाची चौकट भारतीय भाषांसाठी तयार केली, आणि पुढे हैदराबादच्या ट्रिपल आयटीत हिंदी वाक्यांचा कोश त्याच चौकटीत बांधला गेला. त्यात ‘राम ने आम खाया’ यासारख्या वाक्यातील ‘राम’वर ‘के-1’ आणि ‘आम’वर ‘के-2’ अशी खूण असते. ‘के’ म्हणजे कारक, एक म्हणजे कर्ता, दोन म्हणजे कर्म.